हॉस्पिटलमधल्या नाजूक पेशंटचं प्यायचं पाणी: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

हे लिहितेय ते नवीन सिस्टरसाठी, पहिल्यांदाच वॉर्डचा चार्ज हातात आलेल्यांसाठी, मेंटेनन्सला लागलेल्या मुलांसाठी आणि तालुक्याच्या गावी वीस-तीस बेडचं नर्सिंग होम टाकलेल्या डॉक्टरांसाठी. मी इन्फेक्शन कंट्रोलचं काम बघते. औषधं, सलाईन, इंजेक्शन यावर सगळ्यांचं बारीक लक्ष असतं पण पाण्याला वाली कोणी नसतो, मेंटेनन्सला वाटतं वॉर्डवाले बघतात, वॉर्डवाल्यांना वाटतं पाणी शुद्ध करायचा प्लांट बसवलाय म्हणजे झालं, आणि मावशी जिथून जवळ पडेल तिथून जग भरून आणतात. म्हणून पहिलं डोक्यात पक्कं करा की तपासायचं ते पेशंटच्या पेल्यातलं पाणी, प्लांटच्या नळाचं तपासून भागत नाही. आणि ते पेशंटच्या पोटात गेलं पाहिजे. शुद्ध पाणी उशाशी तसंच पडून राहिलं तर डिहायड्रेशन, बद्धकोष्ठ, युरिन इन्फेक्शन सगळं मागे लागतं, त्यामुळे चवीकडे बघणं हेही आपलंच काम आहे असं मी धरून चालते.

१. आधी कोणाला जपायचं ते ठरवा

सगळ्या हॉस्पिटलला एकाच दर्जाचं पाणी द्यायला गेलात तर दमून जाल, म्हणून यादी करा. केमो चालू असलेले आणि पांढऱ्या पेशी खाली आलेले, बोन मॅरो किंवा किडनी ट्रान्सप्लांट झालेले, बरेच दिवस स्टिरॉइडवर असलेले, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असलेले एचआयव्हीचे पेशंट, आयसीयूतले, जास्त भाजलेले, एनआयसीयूतली (नवजात अतिदक्षता विभागातली) बाळं, आणि गरोदर बायका. गरोदर बायका लोक विसरतात. पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना बहुतेक वेळा बरी होऊन जाते पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईच्या जिवावर बेतू शकते.

या पेशंटच्या बेडच्या बोर्डवर ठळक खूण करा. आमच्याकडे निळा स्टिकर आहे, त्यावर फक्त "उकळलेलं पाणी" एवढंच लिहिलंय, जेणेकरून रात्रपाळीच्या मावशींना फाइल वाचावी लागत नाही.

२. पाण्याच्या मागे मागे चालत जा

एक दिवस सकाळी प्लंबरमामांना बरोबर घ्या आणि नगरपालिकेची लाइन किंवा बोअर जिथून आत येते तिथपासून वॉर्डच्या शेवटच्या नळापर्यंत चालत जा, वहीत कच्चा नकाशा काढा. खालची टाकी, वरची टाकी, प्लांट, कूलर, वॉर्डचं पिंप. बोअरचं आणि नगरपालिकेचं पाणी कुठे एकत्र होतं का, उन्हाळ्यात टँकर कुठल्या टाकीत रिकामा होतो, ड्रेनेजची लाइन पिण्याच्या लाइनजवळून जाते का, हे बघायचं. आणि बंद पडलेले नळ शोधा. जुनं बाथरूम पाडून स्टोअर केलं पण पाइप भिंतीत तसाच राहिला, असं जवळजवळ प्रत्येक जुन्या बिल्डिंगमध्ये असतं. त्या पाइपात पाणी महिनोन्महिने साचून राहतं, आतून चिकट थर धरतो, ज्याला बायोफिल्म म्हणतात, आणि तिथले जंतू चालू लाइनमध्ये येत राहतात. असे पाइप मुख्य लाइनपासूनच कापायला सांगा, नुसती टोपी लावून उपयोग नाही. ज्या खोल्या रिकाम्या असतात तिथले नळ आठवड्यातून दोनदा काही मिनिटं सोडून द्यायचे आणि तशी सही करायची.

३. टाकी

सहा महिन्यांतून एकदा साफ, पावसाळ्याआधी एक आणि दिवाळीच्या सुमारास एक असं धरलं की लक्षात राहतं. घासून गाळ काढायचा, धुवायचं, मग लिटरला ५० मिलीग्रॅम क्लोरीन होईल असं पाणी तासभर टाकीत आणि लाइनमध्ये भरून ठेवायचं आणि सगळं सोडून द्यायचं. त्या वेळात ते पाणी कोणी पिणार नाही याची सूचना सगळ्या मजल्यांवर आधीच लावा, आणि डायलिसिस युनिट असेल तर त्यांना फोन करून सांगितल्याशिवाय हे काम सुरूच करू नका, क्लोरीन डायलिसिसच्या पाण्यात गेलं तर पेशंटच्या रक्तातल्या पेशी फुटतात.

झाकण घट्ट आहे का, ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपला जाळी आहे का, हे दर आठवड्याला वर चढून बघायचं. खालून बघून कळत नाही. कबुतराचं पीस टाकीत सापडलं तर ती टाकी त्याच दिवशी रिकामी करून साफ झाली पाहिजे, सोमवारी बघू असं नको.

आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं. लिजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जंतू साधारण २५ ते ४५ अंशांत आरामात वाढतो आणि तापलेल्या पाण्यातून क्लोरीनही लवकर उडून जातं. टाकीवर पत्र्याची किंवा हिरव्या नेटची सावली करा, खर्च फार नाही, आणि टाकी गरजेपेक्षा फार मोठी ठेवू नका, पाणी दिवसाच्या आत फिरलं पाहिजे.

४. क्लोरीन रोज, शेवटच्या नळाला

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरत असाल तर ती ताजी हवी. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं, दमट जागेत राहिलं की ते झपाट्याने कमी होतं, मग तुम्ही नुसता चुना टाकत बसता. स्वच्छ पाण्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम या अंदाजाने सुरुवात करा, आधी थोड्या पाण्यात कालवून, चुना खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी टाकीत घालायचं आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबायचं. मग टेस्ट, आणि टेस्ट सांगेल तसं कमी-जास्त. पाणी गढूळ असेल तर हा हिशोब चुकतो कारण गाळच क्लोरीन खातो आणि जंतू गाळाच्या आड लपतात, तेव्हा आधी तुरटी फिरवून निवळू द्या, मग क्लोरीन.

टेस्ट कुठे? वरच्या मजल्याच्या टोकाच्या नळाला, टाकीजवळ करून मन राजी करून घेऊ नका. तिथे लिटरला निदान ०.२ मिलीग्रॅम मोकळं क्लोरीन मिळालं पाहिजे, गावात कावीळ, गॅस्ट्रो चालू असेल तर ०.५. क्लोरीन बघायची ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट सगळ्यांना माहिती असते, नळीत पाणी, दोन-चार थेंब, पिवळा रंग. पण रंग लगेच वाचायचा, पहिल्या दहाएक सेकंदांत, कारण थांबलात तर जे क्लोरीन आधीच कशाशी तरी बांधलं गेलंय तेही रंग दाखवतं आणि आकडा फुगतो. शिवाय ओटीचं केमिकल कॅन्सरकारक मानलं जातं, हाताला लागू देऊ नका. जमत असेल तर डीपीडीच्या गोळ्यांचं किट घ्या, त्यात गुलाबी रंग येतो आणि वाचायला सोपं जातं.

आणि टीडीएस मीटरबद्दल एक, कारण हा गैरसमज मला सगळ्यात जास्त भेटतो. टीडीएस मीटर फक्त पाण्यात विरघळलेले क्षार सांगतं. सांडपाणी मिसळलेलं पाणीसुद्धा ३०० दाखवू शकतं आणि अगदी सुरक्षित बोअरचं पाणी ९०० दाखवू शकतं. मीटर चवीसाठी आणि आरओचा मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, खराब झालाय का हे बघण्यासाठी वापरा, जंतूंबद्दल ते एक शब्द बोलत नाही.

५. आरओ, यूव्ही आणि त्याच्यापुढची टाकी

आरओमध्ये पाणी जाण्याआधी कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, कारण क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतो. म्हणजे प्लांटमधून निघालेलं पाणी स्वच्छ असतं पण उघडं पडलेलं असतं, पुढे कुठे जंतू शिरला तर त्याला अडवणारं पाण्यात काहीच नसतं. यूव्हीचंही तेच, दिव्यासमोरून जाताना जंतू मरतात, दोन फूट पुढे गेल्यावर दिव्याचा काही संबंध नाही. म्हणून प्लांटनंतरची स्टीलची टाकी ही माझ्या मते सगळ्या साखळीतली सगळ्यात नाजूक जागा, आणि एएमसीवाला (वर्षाच्या देखभालीचा ठेकेदार) नेमकी तीच सोडून बाकी सगळं साफ करून जातो. करारात ती टाकी आणि तिच्या पुढचा पाइप निर्जंतुक करणं लिहूनच घ्या, दर महिन्याला.

यूव्हीचा दिवा पेटलेला दिसतो म्हणून तो काम करतोच असं नाही, साधारण वर्षभराने, म्हणजे आठ-नऊ हजार तास झाले की, त्याची ताकद उतरते. बदलल्याची तारीख मार्करने मशीनवरच लिहा. फिल्टर, मेम्ब्रेन यांचंही तसंच.

दुसरी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच आरओमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळतो. घरी ठीक आहे. हॉस्पिटलमध्ये बघा की ते मिसळणं यूव्हीच्या आधी होतंय का, नंतर होत असेल तर सरळ बंद करायला लावा आणि चवीसाठी मिनरल कार्ट्रिज बसवा.

६. कूलर, जार आणि नळाचं तोंड

एक प्रयोग नवीन माणसाला मी मुद्दाम करायला लावते. वॉर्डच्या कूलरचा नळ बंद असताना निर्जंतुक कापसाची काडी घ्यायची, नळाच्या तोंडात आत, बोटभर वर घालायची आणि गोल फिरवून बाहेर काढायची. बाहेरून स्टील चकचकीत असतं, काडीला मात्र कधी तपकिरी, कधी गुलाबीसर बुळबुळीत थर येतो, बोटांत चोळला की शेंबडासारखा लागतो. त्याच्यावरून धावत येणारं पाणी आपण केमोच्या पेशंटला देत असतो. ती काडी एकदा बघितली की पुढे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

नळाचं तोंड रोज ब्रश आणि साबणाने, मग क्लोरीनच्या पाण्याने पुसायचं. कूलर आतून महिन्यातून एकदा रिकामा करून. खालचा ट्रे रोज. बाटलीचं तोंड नळाला टेकवून भरू नका अशी पाटी लावा, लोक आजाऱ्याची उष्टी बाटली आत खुपसतात, त्यांचाही दोष नाही, कोणी सांगितलेलं नसतं. नळाच्या तोंडाशी जी जाळी असते ती नाजूक वॉर्डमध्ये नकोच. जानेवारी २०१२ मध्ये बेलफास्टच्या एका नवजात अतिदक्षता विभागात स्युडोमोनास जंतूने तीन बाळं दगावली आणि तपासात तो जंतू नळांमध्ये सापडला, नळाच्या तोंडाच्या अशाच बारीक भागांत त्याने घर केलं होतं.

हात धुवायच्या बेसिनमधून प्यायचं पाणी कधीच भरायचं नाही. आणि त्या बेसिनमध्ये उरलेला चहा, दूध, सलाईन, ज्यूस ओतायचा नाही, कारण ते जंतूंचं खाद्य आहे, तिथून पाणी उडून आजूबाजूला जातं.

वीस लिटरचे थंड पाण्याचे जार, ज्यांना सील नसतं, ते नाजूक पेशंटला चालणार नाहीत, मग जारवाला कितीही ओळखीचा असो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात जीबीएसचे (गुलेन-बॅरी सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा बऱ्याच जणांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब करणारा जंतू सापडला, संशय पाण्यावर गेला, आणि खासगी आरओ प्लांटच्या पाण्याचे नमुनेही खराब निघाले, महापालिकेने काही प्लांट बंद केले. विकतचं पाणी घ्यायचंच तर सीलबंद, छापील तारखेचं, एफएसएसएआय नंबर असलेलं, आणि उन्हात न ठेवलेलं.

बर्फ मशीनचा असेल तर नाजूक पेशंटला नको. तोंड आलेल्या पेशंटला बर्फ चघळून बरं वाटतं हे खरं आहे, तर उकळून गार केलेल्या पाण्याचा, झाकणाच्या ट्रेमध्ये, वॉर्डच्या स्वच्छ फ्रीजमध्ये लावा, आणि ट्रेवर तारीख.

७. लॅबला नमुना

महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. जिल्ह्याच्या सरकारी पाणी लॅबमध्ये होतं, खासगी मान्यताप्राप्त लॅबही आहेत. बाटली त्यांच्याकडूनच आणा, निर्जंतुक असते आणि आत क्लोरीन मारणारं औषध असतं, म्हणून ती धुवायची नाही, विसळायची पण नाही. नळाचं तोंड स्पिरिटने पुसून, धातूचा असेल तर ज्योतीने शेकवून, दोन मिनिटं पाणी सोडून मग भरायचं, वर थोडी जागा ठेवायची, झाकण हातातच धरायचं, खाली ठेवायचं नाही. आइसबॉक्समध्ये, आणि सहा तासांच्या आत लॅबमध्ये पोचलं तर उत्तम. स्युडोमोनाससाठी उलटं करायचं, सकाळी नळ वापरायच्या आधी पहिलंच पाणी धरायचं, कारण आपल्याला नळातच काय बसलंय ते हवं असतं.

रिपोर्टमध्ये पहिली नजर ई. कोलाय या मैल्यातून येणाऱ्या जंतूवर, १०० मिलीमध्ये एकही नसला पाहिजे, इथे "थोडेसे आहेत" असं काही नसतं. बाकी आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, लिटरला मिलीग्रॅममध्ये, टीडीएस ५०० पर्यंत, नायट्रेट ४५ पर्यंत, फ्लोराइड १ पर्यंत, पीएच ६.५ ते ८.५. बोअर असेल तर नायट्रेट आणि फ्लोराइड नक्की बघा, विशेषतः प्रसूती विभाग असेल तर, कारण नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं, आणि पावडरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना त्याचा त्रास होतो.

वॉर्डमध्ये एच२एसच्या बाटल्या ठेवा, स्वस्त असतात, पाणी भरून ठेवलं आणि दीड-दोन दिवसांत काळं पडलं तर पाण्यात मैल्याचा संसर्ग आहे असं समजून कामाला लागायचं. काळं नाही पडलं म्हणजे मात्र निर्धास्त व्हायचं नाही, लॅबचा रिपोर्ट लागतोच.

८. उकळायचं कसं

निळ्या स्टिकरच्या पेशंटला प्लांटचं पाणीसुद्धा उकळूनच. क्लोरीनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी आहे, १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून चार लाखांच्या वर लोक आजारी पडले ते त्याच्यामुळे, आणि जे गेले त्यात जास्त करून एड्सचे पेशंट होते. उकळलं की तो मरतो.

खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट पुरतं. वीस मिनिटं उकळायची जुनी सवय आहे ती सोडा, गॅस जातो, पाणी आटून क्षार वाढतात आणि चव बिघडते. दोन हजार मीटरच्या वर उंचीला जास्त वेळ लागतो, पण आपलं कळसूबाईचं शिखरसुद्धा १६४६ मीटरच आहे त्यामुळे तो प्रश्न नाही. उकळलेलं पाणी त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्यायचं, पंख्याखाली उघडं ठेवून नव्हे. फडक्याने गाळायचं असेल तर उकळायच्या आधी. नंतर गाळलंत तर फडक्यातले जंतू परत आत. भांड्यावर वेळ लिहायची आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

वॉर्डच्या इलेक्ट्रिक किटलीत पांढरा खार धरतो, पाण्यात पापुद्रे तरंगतात आणि नातेवाईक घाबरतात. अपाय नसतो पण दिसायला वाईट, म्हणून आठवड्याला लिंबूसत्व घालून उकळून किटली धुवा.

९. उशाशी

झाकणाचा जग, प्रत्येकाचा वेगळा, नाव घातलेला. सकाळ-संध्याकाळ पूर्ण रिकामा करून गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन, वाळवून, परत भरायचा, अर्ध्या जगात वरून भर घालायची नाही. पिंपाला नळ असावा, नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते लटकवायला खिळा. फुलपात्र बुडवून पाणी घेतलं की सगळं वरचं काम वाया. मावशींना हे हुकूम म्हणून सांगू नका, कापसाची काडी दाखवा, क्लोरीनची टेस्ट त्यांच्या हाताने करायला द्या. आमच्या वॉर्डच्या रजिस्टरवर रोजचा आकडा मावशीच लिहितात आणि रंग फिका आला की मला खाली येऊन सांगतात, इतकं चोख काम मेंटेनन्सकडून कधी झालं नव्हतं.

१०. चव

पेशंट पाणी पीत नाही म्हटलं की आपण त्याला "प्या हो, प्यायला पाहिजे" म्हणतो. त्याऐवजी आधी तो जग स्वतः चाखून बघा, आणि मग विचारा की कसं लागतं.

औषधासारखा वास म्हणजे क्लोरीन, उकळताना बराचसा उडतो. मचूळ किंवा खारट म्हणजे टीडीएस, हजाराच्या वर गेलं की बहुतेकांना आवडत नाही, सहाशेच्या खाली सहसा तक्रार येत नाही. उलट आरओचं तीस-चाळीसवर आणलेलं पाणी बेचव लागतं, विशेषतः ज्यांनी जन्मभर विहिरीचं पाणी प्यालंय त्यांना, ते म्हणतात या पाण्याने तहानच भागत नाही. माझ्या बघण्यात दीडशे ते तीनशेच्या आसपास पाणी लोकांना गोड लागतं. मातीचा वास म्हणजे धरणात किंवा टाकीत शेवाळ, कार्बन फिल्टर बदलायची वेळ झाली. प्लास्टिकचा वास म्हणजे नवीन टाकी किंवा उन्हात राहिलेला जार.

उकळलेलं पाणी सपक लागतं कारण त्यातली हवा गेलेली असते. गार झाल्यावर, धुतलेल्या हातांनी, दोन स्वच्छ भांड्यांत चार-पाच वेळा उंचावरून वरखाली करा, आपण चहा गार करताना करतो तसं, चव परत येते. किंवा झाकणाच्या बाटलीत पाऊण भरून जोरात हलवा, निळ्या स्टिकरवाल्यांसाठी ही पद्धत जास्त बरी.

केमोच्या पेशंटचं वेगळं असतं, तिथे पाणी चांगलं असूनही तोंडाची चव गेलेली असते. एक आजी होत्या, दिवसभरात दोन घोट घेत नव्हत्या, सुनेला वाटायचं हट्ट करतात. विचारलं तर म्हणाल्या, "सिस्टर, पाण्याला खिळ्याचा वास मारतोय गं." स्टीलचं फुलपात्र बदलून काचेचा पेला दिला, पाणी माठातल्याइतकंच गार केलं, फ्रीजचं नाही, आणि एकदम पेला न देता दर अर्ध्या तासाने तीन-चार घोट असं ठरवलं. संध्याकाळपर्यंत पाऊण लिटर गेलं. धातूसारखी चव लागणाऱ्यांना काच किंवा चांगलं प्लास्टिक, आणि पाण्याआधी साध्या मीठ-सोड्याच्या गुळण्या, याने खूप फरक पडतो.

माठात वाळा, पाण्यात तुळस, मोगऱ्याची फुलं, हे सगळं आपल्याला आवडतं आणि नातेवाईक प्रेमाने घेऊन येतात, पण पेशी कमी असलेल्या पेशंटला कच्चं पान, कच्चं मूळ पाण्यात नको, धुतलं तरी नको. त्याच्याऐवजी जिरं, धने, सुंठ किंवा बडीशेप पाण्याबरोबरच उकळवा, आधी उकळून ठेवलेल्या गाळण्याने गाळा, गार करून द्या. सुगंध येतो आणि सगळं उकळलेलं असतं. माठ आतून घासून निर्जंतुक करता येत नाही, म्हणून या पेशंटसाठी तोही नको, बाकी वॉर्डला रोज रिकामा करून चालेल. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलं म्हणजे पाणी शुद्ध झालं असं धरून उकळणं टाळू नका, आणि लिंबूपाणी तांब्याच्या भांड्यात अजिबात नको.

ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर पुढचे काही दिवस गार पाणी देऊच नका, घशात काटे टोचल्यासारखं होतं, श्वास अडकल्यासारखा वाटतो आणि पेशंट घाबरतो. त्यांना कोमट.

११. ज्यांचे नियम वेगळे

डायलिसिसचे पेशंट: किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतात, जिऱ्याचं पाणी, बर्फ, पातळ ताक सगळं त्यात मोजायचं. दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून द्या आणि छोटा पेला द्या. शहाळं घेऊन कोणी आलं तर दारातच थांबवा, त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि या पेशंटच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात. डायलिसिस मशीनचं आरओ पाणी "जास्त शुद्ध" म्हणून प्यायला काढायचं नाही, ती लाइन त्यांचीच राहू द्या.

गिळायला त्रास असलेले, पॅरालिसिसचे: पातळ पाणी श्वासनळीत जातं, आणि त्याच्याबरोबर त्यातले जंतूही फुप्फुसात जातात. डॉक्टर किंवा थेरपिस्टने सांगितल्याशिवाय तोंडाने पाणी नाही, थिकनर (पाणी घट्ट करायची पावडर) घालायला सांगितला तर चमचा मोजूनच, आणि पेशंट ताठ बसलेला. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) धुवायला नाजूक पेशंटमध्ये निर्जंतुक किंवा उकळून गार केलेलं पाणी.

बाळं: सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, वरचं पाणी नको, घुटी नको, मधाचं बोट तर नकोच. पावडरचं दूध द्यावंच लागलं तर लक्षात ठेवा की पावडर स्वतः निर्जंतुक नसते, म्हणून उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली यायच्या आत त्यात पावडर मिसळायची, मग बाटली गार पाण्यात धरून निवू द्यायची, मनगटावर थेंब टाकून बघायचं आणि लगेच पाजायचं. उरलेलं फेकायचं.

१२. काही बिघडलं तर

एकाच वॉर्डात दोघा-तिघांना जुलाब सुरू झाले, किंवा रिपोर्ट खराब आला, किंवा लाइन फुटून पाणी गढूळ आलं, तर आधी त्या नळांना टेप लावून बंद करा, सीलबंद पाणी सुरू करा, आणि नमुना घ्या क्लोरीन वाढवण्याच्या आधी, नाहीतर कारण कधीच कळत नाही. डॉक्टरांना, मेट्रनला लगेच सांगा, रिपोर्ट यायची वाट बघू नका. यासाठी सीलबंद पाण्याचा दोन दिवसांचा साठा नेहमी हाताशी हवा, नाजूक बेड गुणिले तीन लिटर गुणिले दोन असा हिशोब, सावलीत, जमिनीपासून वर, जुनं आधी वापरायचं.

१३. घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी नातेवाइकांना पाच मिनिटं बसवा. घरी नळ आहे की बोअर की टँकर ते विचारा, गॅसवर उकळता येतं का, झाकणाचं वेगळं भांडं आहे का. चुलीवर सगळं पाणी उकळणं जमत नसेल तर निदान पेशंटपुरतं तीन लिटर रोज, हे सांगा. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: एक मिनिट खळखळ उकळी, त्याच भांड्यात झाकून गार, चोवीस तासांत संपवायचं, बाहेरचा बर्फ आणि उसाचा रस नाही. खाली वॉर्डचा फोन नंबर. केमोच्या पेशंटच्या कागदावर आणखी एक ओळ घाला, की ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर घरगुती उपाय करत न बसता, रात्र असली तरी, लगेच फोन करून हॉस्पिटलला यायचं.